थापी बाईच्या हातात कशी येईल? एका बिगारी ताईसाठी आणि तिच्या धाकट्या बहिणीसाठी उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझी ताई आणि दाजी पुण्याजवळच्या एका साइटवर जोडीने काम करतात. दाजी प्लास्टरचे मिस्त्री, ताई त्यांच्या हाताखाली बिगारी. ताईला आता स्वतः मिस्त्री व्हायचंय. मुकादम म्हणतो, बायकांच्या अंगात तेवढा जोर नसतो. दाजी म्हणतात, तू थापी धरलीस तर माझ्या हाताखाली कोण? मी बारावी झालेय आणि मलाही आयटीआय करून याच लाइनीत यायचंय. आम्हा दोघींना काय सांगाल?"

मी स्वतः बिगारी म्हणून साइटवर आले, पुढे फरशी आणि प्लास्टर शिकले. आता छोटी टोळी घेऊन दरावर कामं करते आणि बायकांना शिकवते. त्यामुळे उत्तर लांबेल, पण तुमच्या ताईचा निर्णय छोटा नाही.

आधी मुकादमाचं बोलणं घेऊ. ताई दिवसभर काय करतात ते एकदा नीट बघा. वाळू चाळतात, माल (सिमेंट-वाळूचं ओलं मिश्रण) कालवतात, भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन जिना चढतात. भरल्या घमेल्याचं वजन सहज वीस-पंचवीस किलो होतं, आणि अशी कितीतरी घमेली दिवसाला वर जातात. दाजींच्या हातात असते थापी, म्हणजे माल भिंतीवर मारायचं हत्यार. तिच्यावर एका वेळी एक-दीड किलो माल येतो. म्हणजे जोराचं काम बाईकडे आणि सफाईचं काम पुरुषाकडे अशी वाटणी साइटवर आधीपासूनच आहे. जोर नाही म्हणून बाईला मिस्त्री होता येत नाही, हे बोलणं त्या साइटवर एक तास उभं राहिलं तरी टिकत नाही. बिगारीच्या कामाने बाईचं शरीर मिस्त्रीच्या कामापेक्षा लवकर मोडतं. मान आणि कंबर धरते, गुडघे जातात, बाळंतपणानंतर लगेच ओझी उचलल्याने अंग बाहेर येण्याचा त्रास मागे लागतो. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत एकट्या प्रौढ बाईने ३० किलोपेक्षा आणि पुरुषाने ५५ किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, अशी मर्यादा घातली होती. सिमेंटची गोणी ५० किलोची. तरी गोणी उचलायला बाईला सांगताना कुणाला तिचा जोर आठवत नाही.

बाई बांधकामावर नवीनही नाही. वडार समाजाच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या दगड फोडला, माती वाहिली. कर्नाटकातून आणि मराठवाड्यातून येणारी कुटुंबं नाक्यावर जोडीनेच उभी राहतात, आणि ठेकेदारही "किती जोड्या आहेत?" असंच विचारतो. बाईला साइटवर घ्यायला कुणाची ना नाही. अडतं ते पुढे. गावाकडून आलेला पोरगा दोन-तीन वर्षांत बिगारीचा अर्धा मिस्त्री आणि मग पुरा मिस्त्री होतो, आणि त्याच्या आधीपासून तिथे असलेली बाई घमेलंच उचलत राहते. असं का होतं हे नीट समजलं तर उपायही सापडतो, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

या धंद्यात शाळा नाही. बघून आणि चोरून शिकायचं असतं. पोरगा शिकतो तो जेवणाच्या सुट्टीत. मिस्त्री डबा खाऊन आडवा झाला की हा त्याची थापी उचलतो आणि डक्टच्या (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीच्या) भिंतीवर चार हात मारून बघतो. संध्याकाळी उरलेला माल वाया जाणार असतो, त्यावर हात साफ करतो. त्याच वेळी बाई काय करत असते? दुपारी पोराला पाजत असते, संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत चूल पेटवत असते. शिकायची वेळ आणि घरकामाची वेळ एकच. हे मला सगळ्यात मोठं कारण वाटतं, आणि याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

दुसरं कारण पैशाचं. मिस्त्री बहुतेक वेळा दरावर काम करतो, प्लास्टरचा ब्रासवर (शंभर स्क्वेअर फुटांवर), फरशीचा स्क्वेअर फुटावर. शिकाऊ माणसाने एक भिंत वाकडी केली की ती तोडून परत करायची, आणि तो दिवस मिस्त्रीच्या खिशातून जातो. भाच्यासाठी किंवा मेहुण्यासाठी तो हे सोसतो, कारण उद्या तो पोरगा त्याच्याच टोळीत राहणार असतो. परक्या बाईसाठी का सोसेल? तुमच्या ताईंचं नशीब चांगलं की मिस्त्री घरातलाच आहे. म्हणून आधी दाजींशी बोलायचं, मुकादमाशी नंतर.

दाजींची अडचण खरी आहे, ती उडवून लावू नका. ताई हाताखालून निघाल्या की त्यांना बिगारी लावावा लागेल आणि त्याची हजेरी (रोजची मजुरी) द्यावी लागेल. पण हिशोब पुढेही मांडा. आज एक मिस्त्री आणि एक बिगारी आहे. ताईंचा हात बसला की दोन मिस्त्री आणि दोघांत मिळून एक बिगारी होईल. मोकळ्या खोलीतल्या प्लास्टरला, माल जवळ मिळत असेल तर, एक चपळ बिगारी दोन थाप्यांना माल पुरवू शकतो. बिगारीची हजेरी वजा जाईल, पण पडणारं काम जवळजवळ दुप्पट होईल. मिस्त्रीची हजेरी बिगारी बाईच्या दुप्पटीच्या आसपास असते, काही ठिकाणी त्याहून जास्त. हे आकडे तुमच्या साइटच्या दराने कागदावर लिहून दाजींसमोर ठेवा. समानतेवरच्या भाषणापेक्षा या कागदाचा उपयोग जास्त होतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय. अट एकच: पहिले काही महिने कमाई थोडी घटेल, ती सोसायची तयारी दोघांनी मिळून करायची. दिवाळीनंतर, हातात चार पैसे असताना सुरुवात करा. उचल (ठेकेदाराकडून आगाऊ पैसे) घेतलेली असेल तर ती फिटू द्या. डोक्यावर उचल असताना शिकायला वेळ काढता येत नाही.

उशीर करू नका, असंही सांगेन. पूर्वी स्लॅब म्हटला की घमेल्यांची साखळी लागायची आणि त्यात निम्म्या बायका असायच्या. आता रेडीमिक्सचा ट्रक येतो आणि पंप थेट वर काँक्रीट टाकतो. विटांच्या जागी एएसी ब्लॉक (हलक्या काँक्रीटचे ठोकळे) आले, ते हॉइस्टने (सामान चढवायच्या लिफ्टने) मजल्यावर चढतात. ब्लॉक चिकटवायला तयार अॅडेसिव्ह, प्लास्टरलाही गोणीतून येणारा तयार माल. वाळू चाळायची नाही, डोक्यावर वाहायचं नाही. शरीरासाठी हे चांगलंच आहे, पण ज्या कामासाठी बाईला बोलावत होते तेच काम यंत्राने घेतलं. मोठ्या प्रकल्पांवर बायकांच्या वाट्याला झाडलोट, क्युरिंगचं पाणी मारणं (सिमेंट पक्कं व्हावं म्हणून) आणि राडारोडा उचलणं उरत चाललंय. भिंतीला ठिय्या (जाडी ठरवणारा मालाचा छोटा चौकोन) मारून गिलावा म्हणजे प्लास्टर सरळ करणारा हात मात्र अजून लागतो आणि बरीच वर्षं लागेल. जी बाई आज थापी धरेल तिला काम राहील.

आता शिकायचं कसं. ताईंना एक गोष्ट आधीच येते आणि तिची किंमत त्यांना स्वतःला माहीत नसते. त्यांना माल कळतो. इतकी वर्षं माल कालवून कुठला घट्ट, कुठला पातळ, कुठल्याने भिंत धरणार नाही, हे त्यांना फावड्याच्या आवाजावरून सांगता येतं. नवा पोरगा इथेच चुकतो. तो सेट व्हायला लागलेल्या मालात परत पाणी घालतो आणि मऊ झाला म्हणून भिंतीवर मारतो. तसं प्लास्टर पुढे भुसभुशीत होतं, हात फिरवला की वाळू पडते. ताई असा माल फेकून देतील. शिकवताना मी बिगारी बाईकडून पहिल्यांदा माल पारखूनच घेते. जे येतं तिथून सुरुवात केली की थापी धरलेला हात कापत नाही.

जागा निवडताना लपलेली भिंत निवडा. डक्टच्या आतली बाजू, गच्चीच्या कठड्याची आतली बाजू, मीटर रूम, लिफ्टच्या मशिन रूमची मागची भिंत. इंजिनिअरला आधी सांगून ठेवा, चोरून नको. पहिले आठ-दहा दिवस नुसता माल मारायचा सराव. थापी मनगटातून फिरली पाहिजे. खांद्यातून जोर लावला की माल भिंतीवर आदळून खाली पडतो. मनगटाच्या झटक्याने मारलेला माल पसरतो आणि धरतो. भिंत आधी ओली हवी, पण पाणी ओघळत असेल इतकी नको. विटांचे सांधे खरवडलेले हवेत, नाहीतर प्लास्टर कशाला धरणार? कॉलम आणि ब्लॉकची भिंत जिथे भेटते तिथे जाळी मारली आहे ना, हे बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. जाळी चुकली की नेमक्या त्याच रेषेत तडा जातो आणि शिव्या प्लास्टरवाल्याला बसतात.

मग ठिय्ये. खरं कसब इथे आहे. भिंतीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत मालाचे छोटे चौकोन लावायचे, त्यांवरून ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडून खालचे जुळवायचे, मग दोरी ताणून मधले. आतल्या प्लास्टरला साधारण १२ मिमी जाडी धरतात, बाहेरच्या दोन हातांच्या (थरांच्या) कामाला २० मिमी. भिंत कुठे पोटात गेली आहे आणि कुठे बाहेर आली आहे, हे ठिय्ये मारतानाच कळतं. ते बरोबर बसले तर उरलेलं काम पट्टी ओढण्याचं. ताईंना दाजींच्या मागे उभं राहून ओळंबा धरायला सांगा, पण नुसता धरू नका. "आता किती मिलीमीटर बाहेर आहे?" हे दाजींनी सांगायच्या आधी ताईंनी सांगायचं. महिनाभर एवढंच केलं तरी नजर तयार होते. पट्टी, रंधा, गुरमाळा (माल सपाट आणि गुळगुळीत करायची हत्यारं) हे हाताचे सराव आहेत, रोज केले की येतात. नजर कुणी उसनी देत नाही.

हत्यारं ताईंची स्वतःची हवीत. थापी, ओळंबा, रंधा, गुरमाळा, लाइनदोरी, गुण्या (काटकोन) आणि मापाची टेप, सुरुवातीला इतकं पुरे. थापी हातात घेऊन, तोलून विकत घ्यावी. मोठ्या पात्याची थापी सुरुवातीला मनगट दुखवते. दाजींची उसनी थापी वापरून शिकणाऱ्या बाईला साइटवर मदतनीसच समजतात. पिशवीत स्वतःची हत्यारं असली की मुकादमही वेगळ्या नजरेने बघतो.

प्लास्टर की फरशी, असं मला विचारलंत तर मी फरशी म्हणेन, पण ताईंच्या घरात प्लास्टरचा मिस्त्री आहे म्हणून आधी प्लास्टर. त्यानंतर मात्र फरशीकडे वळावं. परांचीवर (उंच कामासाठी बांधलेल्या मचाणावर) चढावं लागत नाही, काम खोलीच्या आत, सावलीत चालतं, आणि झालेल्या कामाचं माप दोघांसमोर टेपने घेता येतं, त्यामुळे पैशांत गडबड कमी होते. दोन बाय दोन फुटांची विट्रिफाइड फरशी सात-आठ किलोची असते, एकटीने बसवता येते. दोन बाय चारची त्याच्या दुप्पट, तिला सक्शन कप आणि दोघीजणी लागतात. पुरुषही ती सहसा एकट्याने बसवत नाहीत. फरशीतली नजर वेगळी: पहिली ओळ कुठून काढायची, तुकडे दाराआड कसे लपवायचे, न्हाणीघरात उतार जाळीकडे कसा न्यायचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फरशीवर ठोकून बघायचं, पोकळ वाजली तर कोपरा तुटायच्या आत काढायची. एक गोष्ट हात जोडून सांगते: फरशी आणि ब्लॉक कापताना पाणी मारून कापा आणि चांगला मास्क लावा. ती धूळ फुप्फुसात बसते आणि निघत नाही.

शिवाय राहत्या घरांत दुरुस्तीचं भरपूर काम असतं. स्वयंपाकघर, न्हाणीघर. घरात एकटी बाई असेल तर तिला बाई कारागीर आलेली आवडते. हे काम मोठ्या ठेकेदाराच्या हातात नसतं, थेट मिळतं.

आधी कुणी केलंय का, असं दाजी विचारतील. केलंय. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबादची गावंच्या गावं पडली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद (सपाट छत), ते झोपलेल्या माणसांवर कोसळलं. ५२ गावांचं नव्या जागी पुनर्वसन झालं, पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. या कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावागावांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. भिंतीत आरपार दगड का घालायचा, कोपरे कसे बांधायचे, माळवदाचा भार का उतरवायचा, हे त्या शिकल्या आणि लोकांना पटवत फिरल्या. ज्या घरात आपली पोरं झोपतात त्याची भिंत कशी आहे, हे कळायला बाईला कुणाची परवानगी लागत नाही, हे आमच्या भागाने तेव्हा पाहिलं. पुढे झारखंडात संडास बांधायचे होते आणि गवंडी कामाला परराज्यांत गेलेले होते, तेव्हा बचत गटाच्या बायकांना गवंडीकाम शिकवलं. तिथे त्यांना 'राणी मिस्त्री' म्हणतात. केरळात कुडुंबश्री या सरकारी उपक्रमातल्या बायकांचे गट घरं बांधतात. या सगळ्या ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते: काम अडलं होतं, माणसं कमी होती, आणि शिकवायला कुणीतरी दिवसाची वेळ काढली. संध्याकाळची नाही.

म्हणून सरकारी प्रशिक्षणाचाही विचार करा. ताई गावी परतणार असतील तर पंचायत समितीत ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाची चौकशी करा. घरकुल योजनेतलं खरं घर बांधत ४५ दिवस शिकवतात आणि शेवटी परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळतं. शहरात राहणार असतील तर पुण्यात क्रेडाई या बिल्डरांच्या संघटनेच्या 'कुशल' उपक्रमातून साइटवरच प्रशिक्षण होतं, तुमच्या बिल्डरकडे विचारा. ज्यांना काम आधीच येतं त्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही कौशल्य विकास योजनेत आहे. खरं सांगायचं तर मिस्त्रीच्या धंद्यात प्रमाणपत्र बघून कुणी भिंत देत नाही, काम बघून देतो. पण बाईला पहिल्यांदा भिंत मागताना या कागदाचा आधार होतो. कंपनीच्या साइटवर हजेरीची ग्रेड ठरवतानाही तो चालतो.

आता जे सांगते ते सगळ्यात आधी करा. ताईंची हजेरी त्यांच्या स्वतःच्या नावावर लागते का? जोडीत बहुतेक वेळा एकच नाव लिहितात, पुरुषाचं, आणि दोघांचे पैसे त्याच्याच हातात देतात. दाजी चांगले असतीलही, पण कागदावर ताई कामगारच नाहीत. महाराष्ट्रात बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायला वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. हा दाखला ठेकेदार देऊ शकतो, किंवा ग्रामसेवक, महापालिका वा नगरपालिकेचे अधिकारी. ताईंचा दाखला वेगळा, दाजींचा वेगळा. नोंदणी असेल तर बाळंतपणाला १५ हजार, सिझेरियन झालं तर २० हजार, मुलांच्या शिक्षणाला मदत, अपघात झाला तर घरच्यांना आधार अशा योजना मिळतात. मंडळाचा पैसा बांधकामाच्या खर्चावर बसणाऱ्या एक टक्का उपकरातून येतो, म्हणजे तो तुमच्याच घामाचा आहे. नोंदणीची फी १ रुपया आहे. दाखला काढून देतो म्हणून हजार-दोन हजार मागणारा एजंट दारात आला तर त्याला वाटेला लावा आणि तालुक्याच्या सुविधा केंद्रात स्वतः जा. नूतनीकरण दरवर्षी करायचं, ते विसरू नका.

मजुरीबद्दल. एकाच कामाला बाई आणि पुरुष यांना वेगळी मजुरी देता येत नाही, हा कायदा १९७६ पासून आहे आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तीच तरतूद आली. ठेकेदार त्यातून वाट काढतो ती कामाला वेगळं नाव देऊन: पुरुष करतो ती 'खोदाई', बाई करते ती 'उचल'. ताई मिस्त्रीचं काम करू लागल्या की त्यांची हजेरीही 'मिस्त्री' म्हणूनच लिहून घ्या, पहिल्या आठवड्यापासून. "अजून शिकतेय" म्हणून सहा महिने बिगारीच्या दरात प्लास्टर करून घेणारे भरपूर आहेत. शिकाऊ काळात मधला दर ठरवायला हरकत नाही, पण तो किती दिवसांसाठी हे आधी ठरवा आणि दोन माणसांसमोर ठरवा.

साइटवरची रोजची अडचण म्हणजे संडास. बायका लघवीला जावं लागू नये म्हणून उन्हातही पाणी पीत नाहीत आणि मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. मी काम घेताना बायकांसाठी कडी लागणारा वेगळा संडास आणि त्यात पाणी, हे दराच्या आधी बोलते. मूल लहान असेल तर पाळणाघराचं विचारा. पन्नासहून जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, असं १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानेच सांगितलं होतं. १९६९ साली दिल्लीत एका बांधकामावर सुरू झालेल्या मोबाइल क्रेशेस या संस्थेच्या कामातून मुंबई-पुण्यातही साइटवरची पाळणाघरं उभी राहिली. पाळणाघर असलेली साइट दोन पैसे कमी देत असेल तरी शिकण्याच्या वर्षात तीच घ्या. पोर नजरेआड सुरक्षित असेल तरच बाईला दुपारचा एक तास मिळतो.

कपडे. साडीवर पुरुषाचा शर्ट घालायची आपली पद्धत उन्हापासून वाचवते, पण पदर मिक्सरमध्ये आणि निऱ्या परांचीच्या क्लिपांत अडकतात. परांचीवर चढायचं असेल तर सलवार किंवा पॅन्टच. सेफ्टी शूज लहान मापात मिळत नाहीत असं सांगतील. मिळतात, मागवावे लागतात. मोठ्या मापाच्या बुटात कापड कोंबून कुणी परांचीवर चढू नये. सिमेंटने हात फाटतात, म्हणून रबरी हातमोजे घाला आणि संध्याकाळी खोबरेल तेल लावा.

कुणी अंगाला हात लावला, घाणेरडं बोललं, काम देण्याच्या बदल्यात काही मागितलं तर गप्प बसायचं नाही. २०१३ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. ठेकेदाराकडे दहापेक्षा कमी माणसं असली किंवा तक्रार ठेकेदाराविरुद्धच असली, तरी तिथे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायला मदत करायची असते. तुम्ही शिकलेल्या आहात, ताईंसाठी हे काम तुम्ही करू शकता.

आता तुमच्याबद्दल. बारावी झाली आहे तर थेट आयटीआयला अर्ज करा. महाराष्ट्रात शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात, शिवाय फक्त मुलींच्या आयटीआयही आहेत. बांधकामाशी जोडलेले ट्रेड म्हणजे वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन), नळ कारागीर (प्लंबर), गवंडी, सुतार, स्थापत्य आरेखक (बांधकामाचे नकाशे काढणारा). मुलींना समुपदेशनात बऱ्याचदा शिवणकाम किंवा संगणकाकडे वळवतात. तुमचं ठरलं असेल तर वळू नका.

मी वीजतंत्री किंवा नळ कारागीर सुचवेन. वीजतंत्रीला दोन वर्षं लागतात आणि दहावीला विज्ञान-गणित असावं लागतं. पास झाल्यावर शिकाऊ उमेदवारी करा, मग तारतंत्रीचा परवाना काढा. परवाना असलेला माणूस कमी आणि काम जास्त, अशी स्थिती आहे. इमारतीत हे काम स्लॅबच्या वेळी पाईप टाकण्यापासून सुरू होतं आणि लोक राहायला आल्यानंतरही संपत नाही. म्हणजे साइट संपली की पाल उचलून पुढे जायची वेळ येत नाही, एकाच शहरात स्थिर राहता येतं. नळकामाचा ट्रेड एक वर्षाचा. लोखंडी पाइपांच्या काळात आटे पाडायला आणि पाना मारायला खरोखर ताकद लागायची. आता सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाईप हलका, कापून सॉल्व्हंट (चिकटवणारा द्रव) लावून जोडायचा. चुकीला मात्र माफी नाही, सांधा भिंतीत गेला की वर फरशी बसते, म्हणून प्रेशर टेस्ट (दाबाने पाणी भरून गळती बघणं) झाल्याशिवाय भिंत बुजवू द्यायची नाही, कितीही घाई केली तरी. हे सांगायला ताकदीपेक्षा ठामपणा लागतो, आणि तुमच्या प्रश्नात तो दिसतोय.

अर्ज भरायच्या आधी एक दिवस ताईंबरोबर साइटवर जा आणि वायरमन-प्लंबर काय करतात ते जवळून बघा. झिरी (वायर-पाइपसाठी भिंतीत खाच) मारतानाची धूळ, छताकडे मान वर करून ओढलेल्या वायरी, शाफ्टमध्ये वाकून केलेलं काम. ते बघूनही वाटलं की हे मला करायचंय, तर जवळच्या आयटीआयचं वेळापत्रक काढा. प्रवेश साधारण दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन सुरू होतात. पर्याय भरताना पहिल्या क्रमांकावर तुम्हाला हवा तोच ट्रेड लिहा, घरून लांब असला तरी. दाखले, जातीचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. साइटवर राहणाऱ्या घरांत कागद गावाकडे पडलेले असतात आणि ते आणायला गाडीभाडं आणि दोन दिवसांची मजुरी जाते. येत्या सणाला गावी जाल तेव्हा ताईंचे कागदही घेऊन या. मंडळाच्या नोंदणीला आधार, फोटो, राहण्याचा पुरावा लागतो. तो अर्ज तुम्ही भरून द्या.